‘ऐकत नाही’ आणि ‘ऐकू येत नाही’

मराठीने कानाला चांगलंच कामाला लावलंय. आपण कान टवकारतो, कान देतो, कानाडोळा करतो, कानावर हात ठेवतो, कानाला खडा लावतो. कुणी आपले कान भरतं, कुणी फुंकतं, कुणी पिळतं. या सगळ्या वाक्प्रचारांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. कान ठणठणीत आहे, ऐकायचं की नाही ते फक्त त्याच्या मालकाने ठरवायचं. ज्याने ऐकलं नाही त्याला ऐकायचंच नव्हतं, असा सरळ हिशेब. ‘ऐकणे’ या क्रियापदातच हा हिशेब मुरलेला आहे. ‘पोरगं ऐकत नाही’ म्हटलं की आपल्याला त्याचा कान आठवत नाही, त्याचा हट्ट आठवतो.

या हिशेबात न बसणारा एक शब्दप्रयोग मात्र आपल्याकडे आहे आणि तो पडशाच्या दिवसांत घरोघरी कानावर येतो : कानाला दडे बसणे. कानठळ्या बसतात त्या बाहेरच्या आवाजाने. दडे बसतात ते आतून. यात माणसाची काही चूक नसते. त्याला ऐकायचं असतं, पण ऐकू येत नाही. माझं म्हणणं असं की हे दुखणं आपण फार हलक्यात घेतो. मोठ्यांना झालं तर त्यांची थट्टा करतो, लहानांना झालं तर त्यांना बोलणी बसतात. आणि आमच्या सीमाभागात तर त्यावर भाषेचं लेबल लागतं.

मी उचगावची. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने हिंडलगा, सुळगा मागे टाकलं की आमचा फाटा. तसंच पुढे गेलात तर शिनोळीला महाराष्ट्र सुरू होतो. सह्याद्री जवळ, त्यामुळे पाऊस भरपूर आणि पावसासोबत पडसंही भरपूर. जुलै-ऑगस्टमध्ये बसमध्ये बसलं की शिंका, नाक ओढणं आणि “काय म्हणालीस?” हे तिन्ही आवाज अखंड चालू असतात. “कान भरल्यासारखं झालंय की.” “आपलाच आवाज घागरीत बोलल्यासारखा येतोय.” वर्णन लोक अगदी नेमकं करतात. कारण मात्र भलतंच सांगतात. मळ झालाय, पाणी गेलंय, वारा शिरलाय. आणि मग लसूण घालून कोमट केलेल्या तेलाची वाटी येते.

खरं काय होतं ते समजून घेतलं तर त्या वाटीचा फोलपणा आपोआप कळतो. कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटी पोकळी असते, तिला मध्यकर्ण म्हणतात. या पोकळीला बाहेरची हवा मिळते ती एकाच वाटेने. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडणारी एक बारीक नळी असते. मोठ्या माणसात ती साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब असते. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. ती एरवी मिटलेली असते. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात. तेवढ्यात थोडी हवा आत-बाहेर होते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो.

पडसं झालं की नाकाचं अस्तर सुजतं, तसं या नळीचंही सुजतं. नळी उघडेनाशी होते. आत अडकलेली हवा मध्यकर्णाचं अस्तर हळूहळू शोषून घेतं, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा पडद्याला आत दाबते. असा आत खेचलेला पडदा नीट थरथरत नाही, म्हणून सगळं लांबून, गादीखालून आल्यासारखं ऐकू येतं. हाच तो दडा. बरेच दिवस असंच राहिलं तर त्या पोकळीत पाण्यासारखा, कधी डिंकासारखा चिकट द्रव साठतो.

म्हणजे बिघाड पडद्याच्या आतल्या बाजूला आणि तेल आपण ओततो बाहेरच्या बाजूला. धड असलेल्या पडद्यातून ते तेल आत जातच नाही. पडद्याला भोक असेल तर मात्र जातं, आणि ते जास्त वाईट. दाराला आतून कडी असताना बाहेरून कुलपात तेल सोडण्याचा हा प्रकार आहे. वर पावसाळी दमट हवेत तेलकट कानात बुरशी धरते ती वेगळीच. आज्जीच्या मायेबद्दल माझी काही तक्रार नाही. कोमट कपड्याने किंवा ओव्याच्या पुरचुंडीने कान बाहेरून शेकला तर बरं वाटतं, ते तिने जरूर करावं. कानात मात्र काही घालू नये. तेल नको, हेअरपिन नको, काडेपेटीची काडी नको आणि बाजारात फिरणारा कान साफ करणारा तर नकोच नको.

आमच्या भागातल्या माणसाला हा दाब घाटात जास्त कळतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे. इथल्या हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला जाताना किंवा चोर्ल्याने गोव्यात उतरताना बाहेरचा दाब थोड्या वेळात तेवढा वाढतो. नळी ठीक असेल तर दोन-चार आवंढ्यांत हिशेब मिटतो. पडसं असलं की मिटत नाही. चढताना त्रास कमी आणि उतरताना जास्त होतो, त्याचंही कारण आहे. आतली जादा हवा नळीला ढकलून बाहेर पडू शकते. बाहेरची हवा आत यायला मात्र नळी स्नायूंनीच उघडावी लागते. नाताळाला नाहीतर मे महिन्यात नातेवाइकांकडे गोव्याला उतरणाऱ्या आमच्या कॅथलिक कुटुंबांना गाडीत कळवळून रडणारं बाळ चांगलं माहीत आहे. ते बाळ हट्टी नसतं, त्याचे कान दुखत असतात. घाट उतरताना त्याला अंगावर घेतलं किंवा बाटली दिली तर गिळताना त्याची नळी उघडते. विमान उतरतानाही हेच करावं.

मग मोठ्या माणसाने काय करावं? पहिली गोष्ट म्हणजे धीर धरावा. पडसं ओसरलं की बहुतेक वेळा दडेही आपोआप सुटतात, थोडे दिवस मागे रेंगाळतात इतकंच. तोवर घोट घोट कोमट पाणी पिणं, च्युइंगम चघळणं, जांभया देणं हे साधे उपाय करावेत. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब सोडले तर नाक मोकळं व्हायला मदत होते. वाफेने बरं वाटतं, पण लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर बसवू नये, भाजण्याचा धोका मोठा आहे. नाक मोकळं करणारे औषधी थेंब मेडिकलमध्ये सहज मिळतात, पण ते तीन ते पाच दिवसांच्या पुढे चालू ठेवले तर उलट नाक जास्त चोंदतं.

दाब सोडवण्याच्या दोन जुन्या युक्त्या आहेत. नाक दाबून, तोंड मिटून हळूच हवा ढकलायची ही पहिली. आंतोनियो वाल्साल्वा या इटालियन वैद्याने कानावरच्या आपल्या १७०४ च्या ग्रंथात ती सांगितली. दुसरी, नाक दाबून आवंढा गिळायचा. ती लंडनच्या जोसेफ टॉयन्बी यांच्या नावाने ओळखली जाते. नाक शेंबडाने भरलेलं असताना पहिली युक्ती जोर लावून करू नये, घाण वर कानाकडे ढकलली जाते आणि पडद्यालाही इजा होऊ शकते. दुसरी जास्त सौम्य. हे टॉयन्बी १८६६ मध्ये वारले ते स्वतःवर प्रयोग करताना. कानातल्या गुणगुणीवर उपाय सापडतो का हे पाहण्यासाठी ते क्लोरोफॉर्म आणि हायड्रोसायनिक आम्लाची वाफ हुंगत होते. ‘औद्योगिक क्रांती’ हा शब्द इंग्रजीत रूढ करणारे अर्नोल्ड टॉयन्बी त्यांचे चिरंजीव. कानाच्या दुखण्याला ‘एवढं काय त्यात’ म्हणणाऱ्यांना ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते.

धीर केव्हा धरू नये, तेही सांगते. कान जोरात ठणकतोय, ताप आहे, कानातून पाणी किंवा पू येतोय, गरगरतंय, किंवा दोन-तीन आठवडे झाले तरी दडा सुटत नाहीये, अशा वेळी डॉक्टरकडे जावं. आणि एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर त्याच दिवशी जावं. कधी कधी तो दडा नसतो, आतल्या नसेचं दुखणं असतं आणि उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच जास्त उपयोग होतो. एक छोटी खूण आहे. ओठ मिटून ‘म्’ असा लांब हुंकार काढावा. साध्या दड्यात तो बंद कानात मोठा वाजतो. तो चांगल्या कानाकडेच वाजू लागला तर शंका घ्यावी. ही फक्त खूण आहे, तपासणीची जागा ती घेत नाही.

इथवरचं सगळं मोठ्या माणसांचं. मोठा माणूस निदान “कानाला दडे बसलेत” असं सांगू तरी शकतो. सात वर्षांच्या मुलाला ते सांगता येत नाही, आणि मला खरं बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

लहान मुलांची ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे ती लवकर तुंबते. एकामागून एक पडशी होत गेली की पडद्यामागे द्रव साठून राहतो. दुखत काही नाही, ताप नसतो, मूल खेळतं, जेवतं. फक्त त्याला कमी ऐकू येतं. ही घट साधारण कुजबुजीएवढ्या आवाजाची असते. समोर बसून बोललेलं त्याला कळतं, पाठमोऱ्या बाईंचं फळ्याकडे तोंड करून बोललेलं निसटतं. ‘स’, ‘श’, ‘फ’ असले वाऱ्यासारखे आवाज आधी विरतात. हा द्रव बहुतेक मुलांमध्ये तीनेक महिन्यांत आपोआप जातो. पण सात वर्षांच्या पोराचे तीन महिने म्हणजे शाळेचं एक सत्र.

माझ्या मावसभावाचं असंच झालं. घरात मराठी, गल्लीत मराठी आणि कन्नड, शाळा इंग्रजी माध्यमाची. तिसरीत असताना पावसाळ्यात त्याचं नाक तीन महिने वाहत होतं. वर्गात तो गप्प असायचा, हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. डायरीत शेरे यायला लागले. लक्ष देत नाही. वर्गात सांगितलेलं समजत नाही. मग घरी सगळ्यांनी मिळून निदान केलं : इंग्रजी कच्चं आहे, कन्नड तर त्याहून कच्चं. दोन्हींची ट्यूशन लागली. शाळेवर माझा राग नाही, कारण शाळेने आणि घराने एकच चूक केली. घरी तो मराठीत नीट बोलायचा, म्हणून कानाचा संशय कुणालाच आला नाही. शेवटी मावशीच्या सासूबाईंच्या ध्यानात आलं की हा टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसतो आणि उजवीकडून हाक मारली तर डावीकडे बघतो. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा दोन्ही पडद्यांमागे द्रव होता. त्यांनी थांबायला सांगितलं, वर्गात पुढच्या बाकावर बसवायला सांगितलं आणि काही आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. दिवाळीनंतर तो आपोआप बरा झाला. ट्यूशन मात्र वर्षभर चालली.

घरी बोलतो पण वर्गात गप्प बसतो, याचा अर्थ लावताना आपण चुकतो तो इथेच. आपल्या भाषेत अर्धं ऐकू आलं तरी उरलेलं अर्धं आपण अंदाजाने भरून काढतो. ‘जेवायला …’ एवढं कानी पडलं तरी पुढचं ‘ये’ कळतंच. शब्द ओळखीचे, चाल ओळखीची. नव्या भाषेत हा अंदाज चालत नाही, तिथे प्रत्येक अक्षर कानावर नीट पडावं लागतं. म्हणून बंद कानाचं मूल मराठीत निभावून नेतं आणि कन्नड-इंग्रजीत बुडतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, भाषेचा प्रश्न आहे. प्रश्न कानाचा असतो, तो दिसतो मात्र भाषेत.

आणि सीमाभागात भाषेचा प्रश्न दिसायला आपण टपूनच बसलेलो असतो. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून आमच्याकडे पाटीपासून प्रार्थनेपर्यंत प्रत्येक गोष्टीकडे आधी भाषेच्या चष्म्यातून बघितलं जातं. त्यात खरं दुःख आहे, ते मी नाकारत नाही. आपल्या मंडळात त्यावर कविता होतात, व्हायला हव्यात. पण त्या चष्म्यातून एका तिसरीतल्या पोराचा कान दिसत नाही. मराठीचा अभिमानी म्हणतो, परक्या भाषेत शिकवल्यावर पोरगं गप्पच बसणार. कन्नडचा आग्रही म्हणतो, मराठी घरातली मुलं कन्नड मनावरच घेत नाहीत. दोघांचंही वाक्य तयार असतं. पोराच्या कानात कुणीच डोकावत नाही.

काही जण म्हणतील, प्रत्येक शेंबड्या पोराला काय कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं? नाही. त्यासाठी तेवढा पैसा कुणाकडे नाही आणि गरजही नाही. पण कुठलंही मूल ‘ढ’, ‘हट्टी’ किंवा ‘कन्नड कच्चं’ ठरवण्याआधी एकदा त्याच्या कानाची चौकशी व्हावी, एवढं मागणं जास्त नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी असते. २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या या योजनेत कमी ऐकू येणं आणि मध्यकर्णाचा आजार या दोन्हींची नोंद घ्यायची असते. बहिरेपणाच्या प्रतिबंधासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून आहे. वाक् आणि श्रवण या विषयांवरची देशातली जुनी संस्था तर आपल्याच राज्यात, म्हैसूरला आहे. पण तपासणीचं पथक वर्षातून एकदा येणार आणि पडसं वर्षातून पाच वेळा. मधल्या दिवसांत लक्ष ठेवायचं काम घरच्यांचं आणि शिक्षकांचंच. पडसं महिनाभर हटत नसेल तर मुलाच्या पाठीमागे उभं राहून हळू आवाजात त्याचं नाव घेऊन बघावं. त्याला पुढे बसवावं. त्याच्याकडे तोंड करून बोलावं. यातल्या कशालाच पैसा लागत नाही. आपल्यातले कितीतरी जण डी.एड., बी.एड. करून उद्या याच गावांतल्या वर्गांत उभे राहणार आहेत, म्हणून हे इथे लिहिते.

बाप्तिस्म्याच्या विधीत एक छोटा भाग असतो. फादर आधी बाळाच्या कानांना आणि मग ओठांना अंगठ्याने स्पर्श करतात. त्याला ‘एफ्फाथा’ म्हणतात. शब्द अरामी, अर्थ ‘मोकळा हो’. मार्कच्या शुभवर्तमानात येशू एका बहिऱ्या माणसाला बरं करतो, त्या प्रसंगातून तो आला. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी त्यातला क्रम मला पटतो. आधी कान, मग तोंड. आपण पोरांकडे आधी उत्तर मागतो.

आणि ज्या कन्नडला घाबरून आम्ही ट्यूशन लावतो, त्या भाषेतच मला यावरचा शब्द सापडला. कन्नडमध्ये ‘केळु’ म्हणजे ऐकणे. सांगितलेलं ऐकणे, मानणे हा अर्थ तिथेही आहेच. पण ‘केळु’ म्हणजे विचारणेसुद्धा. आमच्या मराठीत ऐकणं आज्ञेच्या शेजारी बसतं, शेजारच्या भाषेत ते प्रश्नाच्याही शेजारी बसतं. सीमेवर राहण्याचा एवढा तरी फायदा आपण घ्यावा.

या पावसाळ्यात तुमच्या घरातलं, वर्गातलं, बसमधलं कुणी दुसऱ्यांदा “काय?” म्हणालं तर “राहू दे, काही नाही” म्हणून वाक्य सोडून देऊ नका. त्याच्याकडे वळा, तेच वाक्य पुन्हा सांगा आणि विचारा, “दडे बसलेत का रे कानाला?”